आजोबांची ३१५ परत आली, पण बोल्ट खरखरतो. तेल कुठलं घालू?

संत्रीवाला, रविवार रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. राहायला नागपुरात, शेती काटोलकडे. आजोबांच्या काळापासून घरात ३१५ बोअरची बोल्ट ॲक्शन रायफल आहे, इशापूरच्या कारखान्यातली. आजोबा गेल्यावर परवाना रीतसर बाबांच्या नावावर झाला. २०२४ च्या लोकसभेआधी ती ठाण्यात जमा केली. मग विधानसभा आली, मग बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. असं करत करत परवा कुठे बाबांनी ती सोडवून आणली.

हाल पाहवत नाहीत. कॅनव्हासच्या खोळीला बुरशी, नळीवर बाहेरून तांबूस ठिपके, दस्त्याचं लाकूड फिकं पडलेलं. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा, मागेपुढे होतो, पण वाळू अडकल्यासारखा खरखरतो. शेजारचे काका म्हणतात खोबरेल सोड. चुलतभाऊ डब्ल्यूडी-४० चा डबा घेऊन हजर. शिवाय कपाटात आजोबांच्या वेळची १४ काडतुसं निघाली, हिरवट पडलेली. साफसफाई झाली की रेंजवर नेऊन त्यातली दोनचार चालवून बघावी असं बाबांच्या मनात आहे.

तर तेल कुठलं, आणि सुरुवात कुठून करायची?

वऱ्हाडी_ठेचा, रविवार रात्री ९.३०

खोबरेल डोक्याला लावा भाऊ, रायफलले नोको. आमच्या मामानं लावलं होतं. जानेवारीत थिजलं आणि बोल्ट असा चिकटला की जसं कोणी डिंक ओतला.

कामठीकर, रविवार रात्री १०.०५

तेलाचं नंतर पाहू. तुम्ही एवढं लिहिलं, पण एक गोष्ट लिहिली नाही. रायफल रिकामी आहे हे पाहिलं काय? पाहिलं म्हणजे डोळ्यानं, चेंबरमध्ये, जिथे काडतूस बसते तिथे.

मी २६ वर्षं फौजेत होतो, त्यातली बरीच हत्यारांच्या कोठारात गेली. "जमा करताना रिकामी केली होती" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की आता कोणी म्हटलं की मी दोन पावलं बाजूला सरकतो. दीड वर्षात ती किती हातातून गेली तुम्हाला माहीत नाही.

पद्धत अशी. नळी अशा दिशेला धरायची की चुकून सुटली तरी माणूस, जनावर, घर मध्ये नसलं पाहिजे. फरशीवर किंवा भिंतीवर रोखू नका, गोळी उलटून येते आणि विटेच्या भिंतीपलीकडे शेजारी असते. बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, सरळ. आधी मॅगझीन काढा, मग बोल्ट पूर्ण मागे. हा क्रम उलटा झाला तर बोल्ट मागे घेऊन चेंबरमधलं काडतूस काढता, आणि पुढे ढकलताना मॅगझीनमधलं दुसरं आपणच भरून ठेवता. बोल्ट मागे राहू द्या, उजेडात चेंबरमध्ये पाहा, आणि करंगळी घालून चाचपा. अंधारात डोळा फसते, करंगळी फसत नाही. एनसीसीतल्या पोट्ट्यांनाही आम्ही हेच शिकवतो, "जाँच शस्त्र" म्हटलं की बोल्ट मागे आणि तपासणारा आत पाहणारच.

सेफ्टी लावली आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सेफ्टी म्हणजे लोखंडाचा एक तुकडा, तोही झिजते. तुमची रायफल इंग्रज फौजेच्या जुन्या ली-एन्फिल्ड रायफलच्या धाटणीची आहे. तिच्यात बोल्ट पुढे ढकलताना स्प्रिंग दबते आणि घोडा चढते. जर्मन माउझरच्या धाटणीत हेच काम बोल्टची मूठ वर उचलताना होते. म्हणजे तुम्ही तेल घालून बोल्ट मागेपुढे करून पाहिला की दरवेळी ती चढलेलीच राहणार. आत काडतूस असेल तर पुढचं मी सांगायला नको.

पाहून सांगा.

संत्रीवाला, रविवार रात्री १०.५१

काका, खरं सांगतो, तुमचा प्रतिसाद वाचून हात थंड पडले. मॅगझीन वेगळं पिशवीत बांधून मिळालं होतं, म्हणून मी रिकामीच धरून चाललो होतो. दोन दिवस सोफ्यावर पडून होती, आणि घरात सात वर्षांची पोरगी आहे.

आत्ता बाबांसमोर पाहिलं. चेंबर रिकामं आहे. पण मागून मोबाइलच्या टॉर्चनं पाहिलं तर नळीतून पलीकडचं दिसत नाही. मधे काहीतरी मातकट आहे.

रेंजवाली, रविवार रात्री ११.०२

कुंभारमाशी. पैजेवर सांगते. आमच्या क्लबात एकीच्या एअर रायफलमध्ये निघाली होती. मातीचं घरटं, आत वाळलेले कोळी. एक पावसाळा पुरतो तिला.

ही नळी अशीच ठेवून गोळी चालवली असती तर? मागे प्रचंड दाब, पुढे वाट बंद, की नळी फुगते नाहीतर फाटते. चिखल, कापडाचा बोळा, आधीची अडकलेली गोळी, काहीही पुरतं. म्हणून धूळ जाऊ नये म्हणून तोंडाला चिंधी कोंबून ठेवण्याची जी सवय असते ना, ती फार वाईट. कोंबणारा एक, चालवणारा दुसरा.

"एक गोळी मारली की निघून जाईल" असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

कामठीकर, सोमवार सकाळी ६.४०

ताई बरोबर. आता साफ कशी करायची ते.

बोल्ट बाहेर काढा. तुमच्या रायफलमध्ये मूठ वर करून बोल्ट पूर्ण मागे आणायचा, मग बोल्टचं डोकं वर उचललं की तो मागून सरळ निघते. तो हातात आला की निम्मी काळजी संपली, बोल्टशिवाय ती रायफल नुसती नळी आहे. मग सळई मागून पुढे घालायची, कधीही तोंडाकडून नाही. नळीच्या तोंडाचा काठ हीच गोळीला शेवटची शिवणारी जागा. तिथे लोखंडी सळई घासली की नेम गेला, आणि माणूस दुर्बिणीला, काडतुसाला, वाऱ्याला दोष देत बसते.

सळई अखंड घ्या, पितळी किंवा प्लास्टिकचा थर दिलेली. तीन तुकड्यांची स्क्रूवाली सांध्यावर वाकते आणि नळी खरवडते. माती कोरडीच ठोकू नका, आधी थोडं रॉकेल मागून सोडून भिजू द्या, मग हळूहळू ढकला. कांशाच्या तारेचा ब्रश पूर्ण आरपार न्यायचा, मधेच उलटा ओढायचा नाही. नंतर कोरडी चिंदी, बदलत जा, पांढरी निघेपर्यंत. शेवटी तेलाचा हात फिरवलेली एक.

फौजेत सळईऐवजी पुलथ्रू असते, दोरीच्या टोकाला पितळी वजन आणि मागे चिंदी. ४ बाय २ इंचाची चिंदी पुसायला, तेलाला त्याहून अरुंद. ओढताना दोरी एका बाजूला घासली की कालांतराने तोंडाशी चर पडते. आणि दोरी जुनी असेल तर वापरूच नका. चिंदी आत, दोरी बाहेर, मग बसा.

जुन्या लष्करी काडतुसांचा एक मुद्दा बरेच जण विसरतात. त्यांच्या बुडाशी जी ठिणगी पाडणारी टोपी असते, तिच्यातल्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. जळल्यावर त्याचं पोटॅशियम क्लोराइड होते, म्हणजे मिठाचाच भाऊ. ते हवेतलं पाणी ओढते आणि एका रात्रीत गंज धरते. तेलात ते विरघळत नाही, पाण्यातच विरघळते. म्हणून आमचे जुने उस्ताद ३०३ बोअरची रायफल चालवून आले की आधी नरसाळ्यानं उकळतं पाणी नळीतून सोडत. नवीन पोट्टे हसत, "उस्ताद रायफलले आंघोळ घालून राहिले". पण उकळत्या पाण्यानं मीठही जायचं आणि तापलेली नळी आपोआप कोरडीही व्हायची. त्यावर मग तेल.

तांबडा_रस्सा, सोमवार सकाळी ९.१५

कोल्हापूरकर म्हणून थोडं अवांतर. आमच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य घेतलं, ४५१.४ गुण. ती ५० मीटर थ्री पोझिशनची रायफलही बोल्टवालीच, .२२ ची, एका वेळी एकच गोळी. तेव्हापासून गल्लीतल्या निम्म्या पोरांना नेमबाज व्हायचंय.

रेंजवाली, सोमवार सकाळी ९.४०

अवांतर कसलं, चांगलंच आठवलंत. .२२ बद्दल दोन गोष्टी सांगते, कारण इथले बरेच जण तिथूनच सुरू करतात.

.२२ मध्ये मारगोळा, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आपटणारी पिन, काठावर बसतो, मधोमध नाही. रिकाम्या रायफलचा ट्रिगर पुन्हा पुन्हा ओढला तर काही मॉडेलांत तो चेंबरच्या धारेवर आपटतो आणि तिथे खाच पडते. सरावासाठी नकली काडतूस वापरा. आणि ती गोळी उघड्या शिशाची असते. रेंजवरून आल्यावर हात साबणानं धुतल्याशिवाय तोंडाकडे नेऊ नका. आमच्याकडे लोक बोल्ट पुसता पुसता तर्री पोहे खातात, मी ओरडून थकले.

रेंजवर मला एकच गोष्ट जिवापाड आवडते, चेंबरमध्ये खोचलेली केशरी झेंडी. बोल्ट मागे, झेंडी आत, रायफल खाली. लांबूनच दिसतं. कुणी टार्गेट बदलायला पुढे गेलं की मागे कुणीही रायफलला हात लावायचा नाही, चष्म्याची काच पुसायलासुद्धा नाही. कानाला मफ, डोळ्याला चष्मा. चष्म्यावर लोक हसतात, त्याबद्दल खालचे कुणी सांगतील बहुतेक.

उमरेड_नाका, सोमवार दुपारी १.२०

मी सांगतो.

आम्ही दोघे भाऊ, दोघांकडे एकाच कारखान्याच्या रायफली. एका रविवारी गच्चीवर एकाच चादरीवर दोन्ही खोलून साफ केल्या. गप्पा, चहा, आणि बोल्ट बदलले. बसले दोन्ही व्यवस्थित, चालले पण व्यवस्थित. पुढच्या रेंजला माझ्या तिसऱ्या गोळीला तोंडावर गरम हवेचा फटकारा आला आणि कान बधिर. काडतूस बुडापासून वेगळं झालं होतं, पुढचं निम्मं नळसं, म्हणजे पितळी कवच, चेंबरमध्येच अडकलेलं. चष्म्याच्या काचेवर पितळेचे कण रुतले होते. तो चष्मा अजून देवघरात ठेवलाय, हसू नका.

बंदूकमिस्त्रीनं नंतर समजावलं. बोल्टचं तोंड आणि काडतुसाचं बूड यांच्यात जी फट राहते तिला हेडस्पेस म्हणतात. प्रत्येक रायफलला तिचा बोल्ट बसवून ही फट ठरवलेली असते. ३०३ च्या ली-एन्फिल्डमध्ये तर त्यासाठी बोल्टची डोकी वेगवेगळ्या मापांची, आकडे घातलेली यायची. फट जास्त झाली की काडतूस मागे ताणलं जातं आणि बुडाच्या थोडं वर फाटतं. त्याआधी इशारा मिळतो. चाललेल्या नळसाच्या बुडाजवळ गोल चकचकीत कडी दिसते, नाहीतर टोपी बाहेर डोकावते. माझ्या पहिल्या दोन नळशांवर ती कडी होती. मी पाहिलीच नव्हती, खिशात टाकली होती.

तर संत्रीवाला, बोल्टवरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर जुळतो का ते आज पाहा. ठाण्यात शेजारीशेजारी अशा दहा रायफली असतील.

संत्रीवाला, सोमवार दुपारी २.०५

जुळतो! शेवटचे दोन आकडे भिंग लावून वाचले. बाबा म्हणाले, "माहा बापानं दिलेली आहे, तिचाच राहीन नं." पण भिंग त्यांनीच आणून दिलं.

चुलतभाऊ_नव्हे, सोमवार दुपारी ३.३०

डब्ल्यूडी-४० ला काय प्रॉब्लेम आहे? मी सगळ्याला वापरतो, बिजागरीपासून स्कूटरपर्यंत.

कामठीकर, सोमवार संध्याकाळी ५.१०

पाणी पळवायला उत्तम. पावसात भिजून आली तर जरूर मारा. पण ते उडून जाते, मागे राहते तो थर फार पातळ. वर्षभराच्या राखणीला ते पुरत नाही. बंदुकीचं तेल मिळालं तर तेच घ्या, नाहीतर शिलाई मशीनचं साधं खनिज तेलही चालते. खायचं कुठलंच तेल नको. खोबरेल थिजते, करडई-सरसूचं चिकट होऊन बसते.

आणि थोडंच. लोक नळी तेलात बुडवून ठेवतात आणि तशीच चालवतात. नळी आणि चेंबर चालवण्याआधी कोरड्या चिंदीनं पुसलंच पाहिजे. चाललेलं काडतूस फुगून चेंबरच्या भिंतीला क्षणभर धरून ठेवते. तिथे तेल असलं की पकड सुटते आणि सगळा धक्का बोल्टवर येते. बोल्ट ज्या खाचांत अडकते त्या खाचांवर मात्र नखाएवढं ग्रीस हवं, तिथे लोखंडावर लोखंड घासते. तुमची खरखर बहुतेक तिथलीच, वाळलेलं तेल आणि आपल्या इकडची धूळ मिळून झालेली पेस्ट. रॉकेलनं धुऊन काढा.

बाहेरच्या तांबूस ठिपक्यांना पॉलिश पेपर, लिंबू, गंज काढायचं केमिकल यातलं काही लावू नका. तो काळानिळा रंग म्हणजे लोखंडाचंच ऑक्साइड आहे, गंज खाणारं रसायन त्यालाही खाते. तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी सगळ्यात बारीक स्टील वूलनं हलक्या हातानं. खड्डे पडलेले असतील तर ते राहू द्या, बाहेरचे आहेत. आतले असतील तर मिस्त्रीला दाखवा.

जवसाची_चटणी, सोमवार रात्री ८.००

लाकडाबद्दल कुणीच बोललं नाही. दस्त्याला जवसाचं तेल, घाण्याचं कच्चं. इंग्रज फौजही ली-एन्फिल्डच्या लाकडाला तेच लावायची, आणि आपल्या विदर्भात ते हाताशी आहे. दोनचार थेंब, तळव्यानं चोळत राहायचं लाकूड गरम होईपर्यंत. मग एक दिवस वाळू द्या, पुन्हा. चार-पाच हातांत आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगणं बरंच कमी होतं. फुगलेलं लाकूड नळीला रेटतं आणि नेम सरकतो.

पण चिंध्या! जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. तेलकट चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर तो स्वतःहून पेटू शकतो. नागपूरचा मे महिना, पारा ४७ च्या घरात, पत्र्याची खोली, आणि त्यात हा बोळा. आमच्या सुताराची अशी अर्धी फळी जळाली आहे. चिंध्या दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून मग टाका.

काळा_कोट, सोमवार रात्री ९.४५

कायद्याचं थोडं. परवाना वडिलांचा आहे, तुमचा नाही, हे विसरू नका. शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवानाधारकाच्या समोर, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुरुस्तीला अथवा नूतनीकरणाला नेण्यापुरतं, तुम्ही ती हाताळू शकता. वडील घरी नसताना गच्चीवर बसून साफ करणं टाळा. मिस्त्रीही परवानाधारकच हवा. "ओळखीचा वेल्डर आहे" असलं काही नको.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षं झाली आणि एका परवान्यावर ३ ऐवजी २ च शस्त्रं ठेवता येतात. वडिलांचं वय ७० च्या पुढे असेल, किंवा परवान्यावर ही रायफल २५ वर्षं असेल, तर शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे हयातीतच वारसाच्या नावे अर्ज करता येतो. शहराच्या हद्दीत पोलीस आयुक्तालय, ग्रामीणला जिल्हा दंडाधिकारी.

आणि पुढच्या निवडणुकीला जमा करताना पावतीवर रायफलची स्थिती लिहून घ्या. मॅगझीन, बोल्ट, पट्टा, सगळं. जमवायच्या आधी नळीत तेल, बाहेर ग्रीसचा हात, आणि कॅनव्हासची खोळ घरीच. ती ओल धरून ठेवते.

रानडुक्कर_पीडित, सोमवार रात्री १०.१०

एवढी साफ केल्यावर डुकरं हाणायची का नाही? आमची तूर गेली पूर्ण.

काळा_कोट, सोमवार रात्री १०.१८

वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय नाही. पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे वन्यजीव मारायचा परवाना नव्हे.

संपादक, सोमवार रात्री १०.३०

शिकार, आणि शस्त्र-काडतूस खरेदी-विक्रीची चौकशी या धाग्यावर नको. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

रेंजवाली, मंगळवार सकाळी ७.५०

काडतुसांचं राहिलंच. ती हिरवट १४ चालवू नका. बाबांना माझ्या नावानं सांगा हवं तर.

जुनं काडतूस तीन तऱ्हेनं दगा देतं. एक, टिक् होतं आणि काहीच नाही. माणूस वैतागून लगेच बोल्ट उघडतो, आणि नेमकी तेव्हाच दारू पेट घेते, बोल्ट मोकळा असताना. म्हणून टिक् झालं की नळी टार्गेटकडेच, खांद्यावरून न काढता, मनात साठ आकडे मोजायचे. मग डोकं बाजूला ठेवून उघडायचं. दोन, आवाज येतो पण फुसका. धक्काही नेहमीपेक्षा कमी. तिथेच थांबायचं, गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिच्यामागे दुसरी मारली तर वरचा कुंभारमाशीचा प्रसंग पुन्हा, जास्त वाईट. तीन, दारू खराब होऊन दाब भलताच वाढतो. पितळ हिरवं आहे म्हणजे ते कमजोरही झालेलं असू शकतं.

घासून चकचकीत करून चालवणारेही भेटलेत मला. कळलं ना, पितळ चमकतं, आतली दारू तीच राहते.

नवीन घेताना डब्यावर बोअर वाचा. ३१५ म्हणजे ३०३ नव्हे. "जवळपास सारखंच" या वाक्यावर बंदूक चालत नाही. आणि उन्हाळ्यात काडतुसं गाडीच्या डिकीत ठेवू नका.

कामठीकर, मंगळवार सकाळी ८.२०

चौदाच्या चौदा परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात द्या, पावती घ्या. नागनदीत टाकू नका. हसू नका, टाकतात लोक.

संत्रीवाला, शनिवार रात्री ८.३५

अपडेट देतो.

बाबांना सोबत घेऊन परवानाधारक मिस्त्रीकडे गेलो. कुंभारमाशीच निघाली, रेंजवालीताई जिंकल्या. चार बोटं लांब मातीची नळकांडी, आत सहा कोळी. मिस्त्रीनं नळीत दिवा सोडून दाखवला. मधे दोन ठिकाणी हलके खड्डे आहेत, पण चालेल म्हणाला. हेडस्पेसचं गेज लावून पाहिलं, ठीक आहे. मारगोळ्याची स्प्रिंग मात्र दमली होती, ती बदलली. खरखर कामठीकर काकांनी सांगितली तीच, डबाभर काळं रॉकेल निघालं.

काडतुसं दिली. बाबांना जड गेलं, आजोबांची म्हणून. एकेक मोजून दिली त्यांनी, दोनदा.

रायफल आता लोखंडी कपाटात, तोंड खाली करून उभी, म्हणजे तेल लाकडात उतरणार नाही. सोबत सिलिका जेलच्या पुड्या. बोल्ट वेगळ्या कुलपात, काडतुसं आणायची तेव्हा तिसऱ्या. किल्ल्या बाबांकडे. कॅनव्हासची खोळ आईनं धुऊन भाजीची पिशवी केली.

दस्त्याला जवसाच्या तेलाचा तिसरा हात झाला. रंग आजोबांच्या वेळचा दिसायला लागलाय. पोरगी शाळेतून आली आणि दारातूनच ओरडली, "आजी, चटणी केली काय?"